बसायचं नाही

ग्रिंडल बेट, ६ ऑक्टोबर

हेझलमावशी,

तू म्हणालीस फोनवर मी नुसती रडते आणि तुला एक शब्द कळत नाही, त्यापेक्षा लिही. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहितीये. नाही लागलं तर तुझ्या त्या विधानसभेच्या कँटीनमधल्या कुणाकडून वाचून घे.

आमची सुईण ब्रिजेट जाणार. नाताळ झाला की बेटावरची तिची जागा बंद. दवाखान्यात गोळ्या द्यायला एक माणूस बसेल, पण बाळंतपण करणारं कुणी नाही. पोटुशा बायकांनी आधीच फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि मॉटेलात जाऊन वाट बघत बसायचं म्हणे. माझी तारीख फेब्रुवारीत आहे. फेब्रुवारीत आमच्याकडे समुद्र कसा असतो ते तू लहानपणी बघितलंयस. फेरी सुटली तर सुटली. लॉर्न तेव्हा बोटीवर असणार, मग टिलीला कुणाकडे सोडू?

आणि टिलीच्या वेळचं मी विसरलेले नाही. सगळे हसत सांगतात, ओपलची पोरगी फेरीवर जन्मली, तिकीट न काढता आली. मीही हसते. पण ती निळी होती मावशी. गळ्यात नाळ होती आणि ती रडत नव्हती, आणि तो तिकीटवाला बिचारा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग रडली एकदाची. ती मधली वेळ माझ्या पोटात अजून तशीच बसलीये, बाळाच्या शेजारी.

परवा धक्क्यावर सभा झाली, माशांचं आमिष ठेवतात त्या शेडमध्ये. आरोग्य खात्याचा एक साहेब आला होता. सभा नेहमीसारखी म्हाताऱ्या अर्लबाबांनी चालवली. त्यांनी माझं नाव पुकारलं, मी उभी राहिले. विचारलं, ब्रिजेट राहणार का, हो की नाही? साहेब उठला आणि बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय, ना हो म्हणतो ना नाही. माझी कंबर भरून आली. मी टेकले.

अर्लबाबा म्हणाले, "बाई बसली. प्रश्न गेला."

नियम आहे, त्यांचाही इलाज नाही. विचारणारा उभा असेपर्यंत उत्तर देणाऱ्याला बसता येत नाही, आणि विचारणारा बसला की प्रश्न संपला. साहेब असा पटकन बसला की खुर्ची कुरकुरली. घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या.

माझ्या रडण्याचं लॉर्नला काही सांगू नकोस. त्याचं वेगळंच चाललंय. अमेरिकेने शेवंडांवर जकात बसवली, बॉस्टनवाले भाव पाडून मागतायत. तो रात्रंदिवस शेवंडं धरायचे पिंजरे दुरुस्त करतो आणि बोलत नाही.

तुझी
ओपल


राजधानी, १४ ऑक्टोबर

ओपल पोरी,

अक्षर लागलं. कुणाकडून वाचून घेतलं नाही, आणि रडलेला भागही माझा मीच वाचला.

आता माझं ऐक. घाबरलेल्या बाईने पोटभर खावं, हा माझा एकच उपदेश. काकवीचा पाव कर, वर लोणी लाव, आणि लॉर्नने तोंड उघडलं की त्यातही एक तुकडा घाल.

इथली गंमत सांगते. सभागृह भरलंय. रोज दुपारी प्रश्नांचा तास असतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात टीव्ही आहे, त्यामुळे बटाटे सोलता सोलता सगळं राज्य कसं चालतं ते कळतं. चालत नाही ते पण कळतं. तुमचा आमदार पर्ली स्टीव्ज, विरोधी बाकावरचा, तो उठून मुख्यमंत्र्यांना विचारतो की दवाखान्यांचं काय करताय. आमचे मुख्यमंत्री एमरी थेरियो उठतात आणि शेवंडांवर बोलतात. नवी गिऱ्हाइकं शोधतोय, युरोपात माणसं पाठवलीत. मग पर्ली विचारतो, बरं, शेवंडांच्या जकातीचं काय? तर साहेब म्हणतात, आम्ही दवाखान्याला नवीन विंग बांधतोय. त्यांचे लोक बाक बडवतात, ह्यांचे लोक ओरडतात, आणि अध्यक्ष मध्येच उभे राहतात. अध्यक्ष उभे राहिले की बाकी सगळ्यांनी खाली बसायचं, तो इथला नियम. मग सगळे खाली येऊन माझं सूप पितात, एकाच टेबलावर.

एमरी वाईट माणूस नाही गं. दोनदा वाढून घेतो आणि ताट स्वतः आणून ठेवतो. पण त्याला सरळ उत्तर देताना मी अजून बघितलेलं नाही.

तू काळजी करू नकोस. काहीतरी होईल.

मावशी


ग्रिंडल बेट, २७ ऑक्टोबर

मावशी,

पर्ली स्टीव्जच्या ऑफिसातून पत्र आलंय. माझ्या नावाने. नोव्हेंबरात विधानसभेत पाहुणी म्हणून या, गॅलरीत बसा, आम्हाला आनंद होईल. त्यांना माझं नाव कुठून कळलं? तू सूप वाढता वाढता काय काय बोललीस?

मी नाही येणार. मला कपडे नाहीत. म्हणजे आहेत, पण पोटावर एकच बसतो, तो लॉर्नचा लाल स्वेटर. शिवाय मासे डब्यात भरायचा कारखाना आणि आमची शेड सोडून मी आजवर कुठे उभी राहिले नाही. तिथे सगळे शिकलेले.

लॉर्न म्हणतो जा. एवढंच म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, टिलीला मी बोटीवर नेतो, ती आमिष भरेल. ती अडीच वर्षांची आहे मावशी. पण तो कितीतरी दिवसांनी हसला, म्हणून मी हो म्हणाले.

आता मला नीट सांग. तिथे गेल्यावर काय करायचं? कुठे बसायचं? मला काही विचारतील का?

ओपल


राजधानी, ३ नोव्हेंबर

ओपल,

स्वेटर चालेल. लाल आहे हे चांगलं, पर्लीला लांबून दिसशील.

काही अवघड नाही. दारात पहारेकरी असतो, डेस्मंड म्हणून, गोरागोमटा, मिशीवाला. त्याला सांग हेझलची भाची, तो जिन्याने वर नेईल. गॅलरीत पुढच्या बाकावर बस. प्रश्नांच्या आधी पाहुण्यांची ओळख करून देतात. पर्ली तुझं नाव घेईल. नाव घेतलं की उभी राहा. बस, एवढंच.

त्या दिवशी माझ्याकडे परदेशी व्यापारी मंडळींचं जेवण आहे, त्यामुळे मला स्वयंपाकघरातून हलता येणार नाही. पण टीव्हीवर बघीन. संपलं की खाली ये, चाउडर ठेवते, तुझ्या आवडीचं माशांचं घट्ट सूप.

टाचांचे बूट घालू नकोस. तिथली फरशी गुळगुळीत आहे.

मावशी


राजधानी, २० नोव्हेंबर

ओपल, अगं कुठे गेलीस तू?

चाउडर थंड झालं, मी वर धावत गेले तर डेस्मंड म्हणाला बाई फेरी गाठायला पळाल्या. काय झालं ते कुणी धड सांगेना. जो तो हसतोय आणि हात हलवतोय.

मला काय दिसलं ते सांगते, बाकीचं तू सांग. आमच्या टीव्हीवर गॅलरी दाखवत नाहीत, तसा नियमच आहे. कॅमेरा फक्त बोलणाऱ्या सभासदावर. पर्ली उठला, म्हणाला, ग्रिंडल बेटावरून आलेल्या ओपल ग्रीनलॉ ह्यांचं स्वागत करू या. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या, हाताला पीठ होतं, सगळं उडालं. मग टाळ्या थांबल्या आणि एका बाईचा आवाज आला, लांबून, विहिरीतून यावा तसा. शब्द कळले नाहीत. मग अध्यक्ष उभे राहिलेले दिसले, लालबुंद. मग कॅमेरा एमरीवर.

आणि एमरी उभा होता. अध्यक्ष उभे असताना. ओपल, मी इतकी वर्षं बघतेय, असं कुणी केलेलं नाही. तो वर छताकडे बघत होता, तोंड किंचित उघडं, जाळ्यातल्या कॉड माशासारखं. अध्यक्ष म्हणाले, मुख्यमंत्र्यांनी जागेवर बसावं. तो म्हणतो, "अध्यक्ष महोदय, मला बसता येत नाही."

स्वयंपाकघरात आम्ही म्हटलं, ह्याच्या कमरेला काहीतरी झालं. मॅक्सीन बर्फाची पिशवी घेऊन निघालीसुद्धा.

मग अध्यक्षांचा हातोडा वाजत राहिला, बाकी काही ऐकू येईना. आणि मग तो म्हणाला, "हो. राहील." आणि बसला.

काय राहील? कोण राहील? परदेशी व्यापाऱ्यांना वाटलं त्यांच्या मालाबद्दल बोलले, ते खूश होऊन दोनदा पुडिंग खाऊन गेले.

लगेच लिही, नाहीतर मी फोन करीन.

मावशी


ग्रिंडल बेट, २६ नोव्हेंबर

मावशी,

फोन करू नकोस, सांगते.

मला वाटलं तूच सांगितलंयस. नाव घेतलं की उभी राहा, बस एवढंच, असं तू लिहिलं होतंस. आमच्याकडे नाव पुकारलं आणि माणूस उभा राहिला म्हणजे त्याला बोलायचंय. मला काय माहीत तिथे नुसतं उभं राहून गप बसायचं असतं. मला वाटलं टाळ्या संपल्या की माझी पाळी. मग मी म्हणाले.

"मुख्यमंत्रीसाहेब, आमच्या बेटावरची ब्रिजेट राहणार का? हो की नाही?"

आवाज गेला सगळीकडे. खाली सगळ्यांनी माना वर केल्या. कुणीतरी हसलं. ते काळ्या झग्यातले अध्यक्ष उठून उभे राहिले, आणि माझ्या शेजारची म्हातारी माझा स्वेटर ओढत म्हणाली, बाई, अध्यक्ष उभे आहेत, बसा. सगळे बसले होते, अख्खं सभागृह, एका झटक्यात. मी एकटी उभी. मला तुझं पत्र आठवलं, अध्यक्ष उभे की सगळ्यांनी बसायचं. पण मला आमिषाची शेडही आठवली. मी बसले तर प्रश्न गेला. एकदा गेलाय, परत नाही घालवणार.

बाळ आत लाथा मारत होतं. मी समोरचा कठडा धरला. डेस्मंड पलीकडून येत होता, पण तो हळू येत होता, कितीतरी हळू, मला वाटतं मुद्दामच.

मग मुख्यमंत्री उठले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचा चेहरा असा झाला जसं कुणी त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारली. मग ते बसता येत नाही वगैरे बोलले, आणि अध्यक्षांनाच म्हणाले, "त्या बाई उभ्या आहेत."

हे तुझ्या टीव्हीवर आलं नाही का? बहुतेक तेव्हाच अध्यक्ष हातोडा आपटत होते.

मग त्यांनी उत्तर दिलं आणि मी बसले. बसले कसली, कोसळले. डेस्मंडने मला बाहेर नेलं, जिन्यात पाणी दिलं आणि म्हणाला, बाई, तुम्हाला परत आत सोडता येणार नाही, पण माझ्या बायकोला हे सांगायला मी मरतोय. मला इतकी लाज वाटली की तुला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. चाउडर राहिलं त्याचं मात्र अजून वाईट वाटतं.

लॉर्नला सांगितलं तर तो एवढा हसला की टिली घाबरून रडली. धक्क्यावर सगळ्यांना कळलंय. अर्लबाबांनी टोपी काढली मला बघून. मी घरात लपून बसते.

आता सांग, ती खरंच राहील ना?

ओपल


राजधानी, ९ डिसेंबर

पोरी,

तुला खोटा धीर देणार नाही. इथे गोंधळ चाललाय.

कामकाजाचं जे छापतात ना, त्यात गॅलरीतल्या माणसाचा शब्द घेत नाहीत. पाहुणा बोलला तरी तो बोललाच नाही. त्यामुळे छापलंय असं, पर्लीने तुझी ओळख करून दिली, मग व्यत्यय, मग मुख्यमंत्री, हो, राहील. उत्तर आहे आणि प्रश्नच नाही. आरोग्य खात्याचे लोक माझ्याच टेबलावर बसून म्हणत होते की ज्या उत्तराला प्रश्न नाही त्याला वचन म्हणता येत नाही. मी त्यांना सूप कोमट दिलं.

पर्ली रोज उठून विचारतो, काय राहील ते सांगा. एमरी रोज उठून युरोपातल्या गिऱ्हाइकांबद्दल सांगतो. मला वाटलं, झालं, परत तेच.

पण काल तो ताट ठेवायला आला तेव्हा थांबला. म्हणाला, हेझल, तुझी भाची कशी आहे? मी म्हटलं घाबरलेली आहे, आणखी कशी असणार. तो म्हणाला, माझी आजी उत्तर किनाऱ्याची. तिच्या धक्क्यावरही असंच होतं. ती आजोबांना चुलीपाशी उभं राहून प्रश्न विचारायची, आणि तो बिचारा उत्तर देईपर्यंत जेवायला बसू शकायचा नाही. मग हसला, ताट ठेवलं आणि गेला. ह्याचा अर्थ काय तो तूच लाव. मी आशा करत नाही, पण तुझ्यासाठी लोकर आणलीये.

मावशी


ग्रिंडल बेट, १५ फेब्रुवारी

मावशी,

मुलगी. काल पहाटे. माझ्याच पलंगावर.

वादळ एवढं होतं की फेरी दोन दिवस सुटलीच नाही, आणि लॉर्नला बोट बाहेर काढता आली नाही म्हणून तोही घरी होता, आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळी हजर. ब्रिजेट बर्फातून चालत आली, डोक्यावर टिलीच्या टोपीपेक्षा मोठं बर्फाचं टोपलं. हिच्याही गळ्यात नाळ होती, अगदी तशीच. मी ब्रिजेटच्या तोंडाकडे बघत होते, टिलीच्या वेळी त्या तिकीटवाल्याकडे बघत होते तसंच. पण ब्रिजेट गाणं गुणगुणत होती. तिने बोट घातलं, सोडवलं, आणि पोरगी लगेच अशी ओरडली की लॉर्नने खालून विचारलं, काय तुटलं?

निळी नव्हती मावशी. लाल होती. माझ्या त्या स्वेटरसारखी लाल.

तुला मी मुद्दाम आधी लिहिलं नव्हतं. ब्रिजेटला नाताळाच्या आदल्या दिवशी कळवलं की जागा चालू राहणार. तिने खोकी बांधली होती ती परत उघडली. पण मला भीती वाटत होती, लिहिलं तर ते परत काढून घेतील. आता काय काढून घेणार, पोर बाहेर आलं.

नाव हेझल ठेवतोय. तुझ्यासारखी सारखी भुकेली आहे.

ओपल


राजधानी, २४ फेब्रुवारी

ओपल,

मी कँटीनमध्ये मोठ्याने रडले आणि सगळ्यांना फुकट पुडिंग दिलं. विरोधी आणि सत्ताधारी, दोन्ही बाजूंना सारखं. पर्लीने पाठीवर थाप मारली. एमरीने त्या दिवशी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

ऐक, तो एप्रिलमध्ये तुमच्या बेटावर येतोय. शेवंडांबद्दल बोलायला. मी त्याला म्हटलं, साहेब, तिथे बाक बडवणारे तुमचे लोक नसतील. तो म्हणाला, ठाऊक आहे. त्याच्या चेहऱ्यावर जरा भीती होती, मला बरं वाटलं.

छोटीला लोकरीचे मोजे सोबत पाठवतेय. एक जरा मोठा झालाय, तो उजव्या पायात घाल.

मोठी हेझल


ग्रिंडल बेट, २९ एप्रिल

मावशी,

आला होता तुझा एमरी. सगळं सांगते, अजून हसू आवरत नाही.

शेड खचाखच भरली होती. मी छोट्या हेझलला घेऊन मागे बसले होते. अर्लबाबांनी आधी त्याला धक्क्यावरचा चहा दिला, डब्यातलं दूध घालून, तो त्याने एका दमात प्यायला, तेव्हाच निम्मे लोक त्याच्या बाजूचे झाले. मग अर्लबाबांनी नाव पुकारलं आणि कोण उठलं माहितीये? लॉर्न. माझा लॉर्न, जो जेवताना मीठसुद्धा मागत नाही.

म्हणाला, "जकात पुढच्या हंगामाच्या आधी उठेल का? हो की नाही?"

मुख्यमंत्री उठले. सुरुवात केली, युरोपातली गिऱ्हाइकं, नवीन बाजार. लॉर्न उभाच. मुख्यमंत्र्यांनी आपले प्रयत्न सांगितले, ओटावाला, केंद्र सरकारला पत्रं पाठवली ते सांगितलं. लॉर्न उभाच. मग त्यांनी आमच्या दवाखान्याचं सुरू केलं, तेव्हा सगळी शेड हसली, आणि तेही स्वतःच हसायला लागले आणि थांबले. बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. त्यांनी कपाळ पुसलं.

"नाही," ते म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. उठवता आली असती तर उठवली असती. नाही."

मावशी, मला वाटलं आता लोक पेटतील. पण लॉर्नने मान हलवली आणि बसला. आणि मग शेडमध्ये टाळ्या झाल्या, अशा टाळ्या, की पत्रा वाजला. मी तुला कसं सांगू. भाव पडलेलाच आहे, सगळ्यांची कंबर मोडलीये, पण कुणीतरी समोर उभं राहून खरं सांगितलं. अर्लबाबा म्हणाले, साहेब, आता तुम्हीही बसा, बसायचा हक्क कमावलात तुम्ही. लॉर्न घरी येताना म्हणाला, बरं झालं, आता मी बॉस्टनची वाट बघत नाही, हॅलिफॅक्सच्या हॉटेलवाल्यांकडे थेट जातो. इतकं लांब वाक्य तो लग्नातही बोलला नव्हता.

सभेनंतर मुख्यमंत्री माझ्यापाशी आले. मी घाबरून उठायला लागले तर म्हणाले, बाई, कृपा करा, तुम्ही उभ्या राहू नका. मग बाळ मागितलं. आमिषाच्या पिंपावर बसून त्यांनी तिला मांडीवर घेतलं, ती त्यांचा टाय तोंडात घालून झोपली. एक मोजा मोठा आहे असंही म्हणाले. मी म्हटलं तो तुमच्या सूपवालीने विणलाय.

मग फेरीचा भोंगा वाजला. त्यांचा माणूस धावत आला, साहेब, शेवटची बोट. साहेबांनी खाली बाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. हलले तर उठेल. ब्रिजेट म्हणाली, झोपलेलं पोर उठवू नये, एवढं मला मात्र कळतं.

भोंगा परत वाजला. आम्ही सगळे दारातून फेरी जाताना बघत उभे राहिलो, आणि ते तसेच बसून राहिले.

रात्री आमच्याकडे जेवले. चाउडर तुझ्याइतकं चांगलं नव्हतं, पण दोनदा घेतलं आणि ताट स्वतः आणून ठेवलं.

तुझी
ओपल